अमेरिकेतले भाव बघून जीव जाळू नका : जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

दिवाळी झाली की स्टुटगार्टच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो : ‘नाताळात कोणी अमेरिकेहून येतंय का? एक लॅपटॉप आणायचाय.’ मेसेज टाकणारं बहुधा पुण्याकडून नुकतंच आलेलं कोणीतरी असतं, हिंजवडी नाहीतर चाकण सोडून इथल्या गाड्यांच्या कंपनीत रुजू झालेलं. पहिल्या पगारातून कर आणि विमा कापून गेल्याचा धक्का ताजा असतो, आणि त्यातच दुकानातले मोबाइल-लॅपटॉपचे भाव डोळ्यांवर येतात. मग एखादा जुना माणूस उत्तर देतो, ‘इथे लुटतात रे, अमेरिकेहूनच मागव.’ असा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. तो देणं सोपं असतं आणि त्याची किंमत नव्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून ठेवतेय.

मार्च २०२५ मध्ये आलेला एम४ चिपचा सगळ्यात स्वस्त मॅकबुक एअर घ्या. तेव्हा तो अमेरिकेत ९९९ डॉलरला होता, जर्मनीत १,१९९ युरोला. त्या सुमारास एका युरोला साधारण १.०८ डॉलर पडत होते, म्हणजे इथली किंमत झाली १,२९५ डॉलर. फरक २९६ डॉलरचा. एवढं पाहून कोणाचंही डोकं फिरेल.

पण अमेरिकेतल्या त्या ९९९ मध्ये कर धरलेलाच नाही. तिथे विक्रीकर राज्यागणिक आणि कित्येक ठिकाणी गावागणिक बदलतो, आणि तो काउंटरवर वरून चढतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, कॅलिफोर्नियात किमान ७.२५, ओरेगॉनमध्ये शून्य. त्यामुळे सगळ्या देशासाठी एकच करासहित किंमत छापता येत नाही, कंपन्या कराशिवायचा आकडा जाहीर करतात. इथे कायदाच असा आहे की गिऱ्हाइकाला दाखवलेल्या किमतीत कर धरलेला हवा. हा कर, म्हणजे मेअरवेर्टश्टॉयर, १९ टक्के आहे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत तो वेगळा काढून दाखवलेला असतो, तो वाचायची सवय लावा. आपल्या लॅपटॉपच्या बिलावर असं दिसेल : नेटो (म्हणजे कराआधीची किंमत) १,००७.५६, कर १९१.४४, एकूण १,१९९.००. ते १९१ युरो म्हणजे २०७ डॉलर. २९६ पैकी २०७ डॉलर दुकानदाराकडेही राहत नाहीत आणि कंपनीकडेही जात नाहीत, सरळ सरकारजमा होतात. उरतात ८९.

‘मग शेजारच्या देशात जाऊन घेऊ’ असं पुढचं येतं. युरोपीय संघात या कराचा मूळ दर १५ टक्क्यांच्या खाली ठेवताच येत नाही. लक्झेंबर्गमध्ये १७, फ्रान्समध्ये २०, नेदरलँड्समध्ये २१, हंगेरीत २७. जर्मनी त्यातल्या त्यात बरी. सीमेपलीकडे खरेदीला जाण्यात पेट्रोलही सुटत नाही.

आता ते ८९ डॉलर. हे नेमके कुठे जातात ते कंपनी सांगत नाही, पण कारणं उघड आहेत. पहिलं म्हणजे चलनाचा धोका. कंपनी युरोतली किंमत एकदा ठरवते आणि बरेच महिने तीच ठेवते, मधल्या काळात युरो घसरला तर तोटा नको म्हणून आधीच थोडी जागा ठेवते. सप्टेंबर २०२२ मध्ये युरो डॉलरच्याही खाली गेला होता, तेव्हा आयफोन १४ अमेरिकेत ७९९ डॉलरला आणि इथे ९९९ युरोला आला. वर्षभराने युरो सावरला, तर आयफोन १५ अमेरिकेत तेवढ्यालाच आणि इथे ९४९ ला. सोनीने ऑगस्ट २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ युरोपात ४९९.९९ वरून ५४९.९९ युरो केला, अमेरिकेत तेव्हा किमतीला हात लावला नाही. दुसरं म्हणजे दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी, तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे. शिवाय चोवीस अधिकृत भाषा, देशागणिक वेगळी वितरणव्यवस्था, जुन्या उपकरणांची विल्हेवाट लावण्याचा खर्च, आणि खासगी कॉपीच्या मोबदल्यात लेखक-कलाकारांच्या संस्थांना जाणारे प्रत्येक उपकरणामागचे काही युरो. यातलं एकेक लहान आहे, पण सगळं मिळून किमतीत उतरतं.

टीव्हीचं वेगळं आहे. संगणक आणि मोबाइलवर आयातशुल्क शून्य आहे, पण बाहेरून तयार होऊन येणाऱ्या टीव्हीवर युरोपीय संघ १४ टक्के शुल्क लावतो. कोरियन कंपन्यांनी स्लोव्हाकिया, हंगेरी, पोलंडमध्ये कारखाने टाकले त्याचं हेही एक कारण.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो व्यापारी घरातल्या मुलांना नेमका पडतो : अमेरिकेत कराशिवायही माल स्वस्त असेल तर कोणी कंटेनर भरून आणून इथे विकत का नाही? उत्तर १९९८ च्या एका निकालात आहे. सिल्हूएट या ऑस्ट्रियन चष्मा कंपनीने जुन्या नमुन्याच्या फ्रेम बल्गेरियात खपवायला दिल्या. बल्गेरिया तेव्हा संघात नव्हता. हार्टलावर नावाच्या ऑस्ट्रियन दुकानसाखळीने त्याच फ्रेम परत आणून ऑस्ट्रियात स्वस्तात विकायला काढल्या. युरोपीय न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली : युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर विकलेला माल ब्रँडच्या मालकाच्या परवानगीवाचून आत आणून विकता येत नाही. माल अस्सल असला तरी नाही. या भिंतीमुळे अमेरिकेचा भाव आणि इथला भाव एकमेकांना कधी भिडतच नाहीत. हा नियम ग्राहकाच्या हिताचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि १९ टक्के कराबद्दल मी इथल्या सरकारला जितकं माफ करते तितकं याबद्दल करत नाही. पण नियम आहे तो आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते, म्हणजे बॅगेतून आणणं.

युरोपीय संघाबाहेरून विमानाने येणाऱ्या प्रौढ माणसाला ४३० युरोपर्यंतचा माल बिनकराचा आणता येतो, पंधरा वर्षांखालच्या मुलाला १७५ युरोपर्यंतचा. लॅपटॉप ९८६ युरोचा असेल तर ४३० वजा करून उरलेल्यावर कर, असं होत नाही. एका वस्तूची किंमत तोडता येत नाही, पूर्ण ९८६ वर कर लागतो. नवरा-बायको दोघं आहेत म्हणून ४३० आणि ४३० मिळून ८६० असंही चालत नाही.

मग तोच मॅकबुक न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने आणला असं धरा. ९९९ वर तिथला कर चढून १,०६५ डॉलर, म्हणजे ९८६ युरो. इथे उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन प्रामाणिकपणे दाखवला तर १९ टक्के, म्हणजे १८७ युरो. झाले १,१७३. इथल्या दुकानात १,१९९. वाचले सव्वीस युरो. त्यासाठी मावसबहिणीला ओझं, तुम्हाला अमेरिकन कीबोर्ड, आणि बिघडला तर दाद मागायला न्यू जर्सीतलं दुकान.

आणि हिरव्या मार्गाने निघालात तर? हिरव्या मार्गात पाऊल टाकणं हेच ‘माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही’ असं निवेदन धरतात. ‘मला माहीत नव्हतं’ तिथे ऐकून घेत नाहीत. बुडवलेला कर २५० युरोच्या आत असेल तर कर भरावा लागतोच, वर जास्तीत जास्त तेवढाच दंडवजा आकार लावतात. म्हणजे १८७ आणि वर १८७, लॅपटॉप गेला १,३६० च्या घरात. कर २५० च्या वर गेला तर करचुकवेगिरीचा फौजदारी मामला सुरू होऊ शकतो. साधारण १,३२० युरोच्या पुढचा कुठलाही लॅपटॉप त्या रेषेपलीकडे जातो. तुम्ही निवासपरवान्यावर आहात, उद्या कायमच्या परवान्यासाठी, परवा नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहात. तिथे पोलिसांकडच्या नोंदी मागवतात. सव्वीस युरोंसाठी हा धोका घेऊ नका.

‘खोका फेकून द्यायचा, स्वतःचा म्हणून सांगायचं’ हा ग्रुपवरचा आवडता उपाय. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने तो केला. अधिकाऱ्याने लॅपटॉप शांतपणे टेबलावर ठेवला आणि सुरू करायला सांगितला. पडद्यावर एकामागून एक वेगवेगळ्या भाषांत ‘नमस्कार’ उमटायला लागलं आणि खाली ‘भाषा निवडा’ आलं. नवीन यंत्र पहिल्यांदा सुरू होताना येणारा तो पडदा. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्या मुलीचा रडवेला फोन मला अजून आठवतो. पैसे गेल्याचं तिला तितकं वाटलं नव्हतं, सगळ्या रांगेसमोर खोटं ठरल्याचं लागलं होतं.

पोस्टाने मागवणाऱ्यांसाठी : २२ युरोपर्यंतची जुनी सूट १ जुलै २०२१ पासून बंद झाली. आता पहिल्या युरोपासून कर, वर कुरियरवाल्याचं शुल्क. दोन खासगी माणसांमधली भेटवस्तू ४५ युरोपर्यंत सुटते. काकांनी ‘गिफ्ट’ लिहून आयफोन पाठवला म्हणून तो ४५ युरोचा होत नाही.

भाव सोडा, वस्तूच वेगळी असते हेही लक्षात घ्या. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर. तुमचं भारतातलं सिम बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवायचंय ना? ते प्लास्टिकचं असेल तर तिथे अडकाल. तिथले हप्त्यावरचे स्वस्त फोन बहुतेकदा मोबाइल कंपनीला बांधलेले असतात, इथलं सिम घेत नाहीत. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालतो, पण अमेरिकेतला कुकर, हेअर ड्रायर, मिक्सर १२० व्होल्टचा. तो इथल्या २३० व्होल्टला लावलात तर जळेल. भारतातला मिक्सर मात्र आणा, वीज सारखीच आहे, फक्त पिन बदलून चांगल्या दर्जाचा अडॅप्टर लावा.

भारतातून कायमचे येताना आणखी एक सोय आहे. किमान बारा महिने संघाबाहेर राहून इथे घर करणाऱ्याला आपलं वापरातलं सामान बिनकराचं आणता येतं, अट अशी की ते आधी किमान सहा महिने वापरलेलं हवं आणि आणल्यावर बारा महिने विकायचं नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात नवा कोरा लॅपटॉप घेतलात तर तो या सवलतीत बसत नाही. ठरल्याबरोबर घ्या, वापरा, आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढे सुट्टीला भारतात जाऊन परत येतानाही ते बिल दाखवायला लागतं, इथे घेतलेल्या वस्तूचंसुद्धा.

आता त्या दोन वर्षांच्या कायदेशीर जबाबदारीबद्दल. तुम्ही इथल्या किमतीत हे विकत घेतलेलं असतं आणि आपली माणसं ते वापरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गारांटी ही बनवणाऱ्या कंपनीची मर्जी : ती एक वर्ष देईल, तीन देईल, नाही दिली तरी चालतं. गेवेअरलाइस्टुंग ही विकणाऱ्या दुकानदाराची कायदेशीर जबाबदारी, नव्या वस्तूला दोन वर्षं, आणि ती त्याला टाळता येत नाही. पहिल्या बारा महिन्यांत बिघाड झाला तर तो मुळातच होता असं कायदा धरतो, नव्हता हे सिद्ध करायचं काम दुकानदाराचं. २०२२ च्या आधी ही मुदत सहाच महिने होती. दुरुस्ती हवी की बदलून नवी वस्तू, ही निवड आधी तुमची, आणि नेण्या-आणण्याचा खर्च दुकानदाराचा. ते जमलं नाही तर किंमत कमी करून किंवा पैसे परत.

काउंटरवर प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आठव्या महिन्यात फोनचा माइक बंद पडतो. तुम्ही दुकानात जाता, तिथला माणूस हसून म्हणतो, ‘हे कंपनीकडे पाठवा, त्यांचा नंबर देतो.’ आपण ‘दांके’ म्हणून बाहेर पडतो. बाहेर पडू नका. त्याला सांगा : ‘माइन फेरत्राग इस्ट मिट इनेन. इश माखे गेवेअरलाइस्टुंग गेल्टेंड.’ माझा करार तुमच्याशी आहे, मी कायदेशीर हक्क मागतेय. वाक्य पाठ करून जा, आवाज चढवू नका, बिल पुढे ठेवा, आणि वस्तू जमा केल्याची तारखेची पावती घ्या. जर्मन भाषेची बी-१ पातळी नुकती झालेल्या कित्येक मुलांना मी हे वाक्य शिकवलंय आणि समोरच्याचा सूर बदललेला पाहिलाय. तरी अडवलं तर फेरब्राउखरत्सेन्ट्राले, म्हणजे ग्राहक सल्लाकेंद्र, प्रत्येक राज्यात आहे. थोडं शुल्क घेतात, पण कामाचा सल्ला देतात. या देशात तोंडी विनंतीला फारशी किंमत नसते, लेखी मागणीला असते. मला हे आवडायला बरीच वर्षं लागली, आता मनापासून आवडतं.

बिल थर्मल कागदावर असतं, वर्षभरात अक्षरं उडतात. घरी आल्याबरोबर फोटो काढा.

ऑनलाइन घेतलं तर चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतं. दुकानात जाऊन घेतलं तर हा हक्क नाही, दुकानदार परत घेतो ती त्याची मर्जी. म्हणून मला पसंतीची खात्री नसलेली वस्तू मी ऑनलाइनच घेते. खोका उघडून पाहायला हरकत नाही, पण महिनाभर वापरून परत पाठवणारे आपले काही लोक आहेत, ते कृपया करू नका. त्याचा भार बाकीच्यांच्या किमतीवर येतो.

सवलतींबद्दल थोडं. मोठी दुकानं अधूनमधून ‘मेअरवेर्टश्टॉयर गेशेंक्ट’ म्हणजे कर माफ अशी पाटी लावतात. ती १९ टक्के सूट नसते. ११९ मधले १९ गेले की सूट होते १५.९७ टक्के. तरीही चांगली आहे, पण आधी आयडियालो या भाव-तुलनेच्या साइटवर त्या वस्तूचा गेल्या काही महिन्यांतला भावाचा आलेख पाहा. मे २०२२ पासून कपात जाहीर करताना मागच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवणं दुकानाला बंधनकारक आहे, ती ओळ शोधा. नवीन मॉडेल आल्यावर मागचं मॉडेल घेणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा व्यवहार. आणि ‘एक युरोत मोबाइल’ची पाटी दिसली तर चोवीस महिन्यांचा हप्ता गुणून बघा, त्यातून त्याच डेटाच्या साध्या सिमचं भाडं वजा करा. उरेल ती फोनची खरी किंमत.

कामासाठी लॅपटॉप घेत असाल तर वार्षिक करविवरणात तो खर्च दाखवता येतो. २०२१ पासून संगणकाची पूर्ण किंमत घेतलेल्या वर्षातच धरता येते, आधी तीन वर्षांत विभागावी लागे. घरचा वापरही असेल तर कामाच्या प्रमाणातच. नोकरदाराला १,२३० युरोची सरसकट वजावट आपोआप मिळते, त्यामुळे प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप मिळून खर्च त्याच्यावर गेला तरच उपयोग. लांबून कामाला जाणाऱ्यांचा बहुतेकदा जातो. ज्यांना अमेरिकेच्या भावाशी बरोबरी करायचीच आहे त्यांनी बॅग सोडून इकडे लक्ष द्यावं.

शेवटचं आई-बाबांचं. ते पाहुणे म्हणून येतात, राहतात भारतात, त्यामुळे त्यांनी इथे घेऊन भारतात नेलेल्या वस्तूवरचा कर त्यांना परत मिळू शकतो. तुम्हाला नाही, तुम्ही इथले रहिवासी. बिल ५० युरोच्या वर हवं, दुकानाने ही सोय देऊ केलेली हवी, आणि फॉर्म त्यांच्या पासपोर्टवर भरून घ्यायचा. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत वस्तू संघाबाहेर गेली पाहिजे. मधल्या कंपनीचं शुल्क जाऊन हातात येते ती रक्कम १९ टक्क्यांपेक्षा बरीच कमी असते. भारतात उतरताना अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्कमुक्त नेता येतो, म्हणून लॅपटॉपसाठी हा मार्ग सोयीचा. एकच गोष्ट सगळे विसरतात : कस्टम्सचा शिक्का मिळण्याआधी ती वस्तू चेक-इनच्या बॅगेत घालून पट्ट्यावर सोडू नका, अधिकारी वस्तू बघायला मागतो. पॅरिस किंवा अ‍ॅमस्टरडॅमवरून जात असाल आणि लॅपटॉप हातातल्या बॅगेत असेल, तर शिक्का संघातल्या त्या शेवटच्या विमानतळावर घ्यायचा. तिथली रांग लांब असते, दोन विमानांमध्ये तेवढा वेळ ठेवूनच तिकीट काढा.